हातावर पोसलेला वंश

आपली मुलगी डास पाळते हे आईने शेजारीपाजारी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच, तर ती "संशोधन करते" एवढं म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत समोरच्या बाईच्या गुडघेदुखीची चौकशी करायची. गुडघ्यांचा विषय निघाला की संशोधन आपोआप मागे पडतं, हे तिला अनुभवाने कळलं होतं. पण डास पाळणं वेगळं आणि त्यांना आपल्या हाताचं रक्त पाजणं वेगळं. हे दुसरं तर आईलाही बरेच दिवस ठाऊक नव्हतं. धाकटीने ते लांब बाह्यांच्या आड झाकून ठेवलं होतं.

एका सकाळी भांडी विसळताना बाही वर सरकली आणि आईला तो हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत लाल ठिपकेच ठिपके.

"अगं बाई! हे काय, पुरळ उठलंय?"

"डास चावलेत."

"पिंजऱ्यातले सुटले की काय?"

"सुटले नाहीत. मीच हात आत घातला."

आईने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"थांब, दादाला सांगते."

"सांग. तो काय, येऊन डासांना दम देणार आहे?"

दादा म्हणजे थोरला. तो दूरच्या गावी नोकरीला होता आणि फोनवर प्रत्येक वेळी "कंपनीत लाग, कंपनीत लाग" असा एकच पाढा म्हणायचा. धाकटीने तिशी केव्हाच ओलांडली होती, पण घरात ती धाकटीच राहिली होती.

आईला समजावताना तिला घाम फुटला. हे डास आजारी नाहीत गं, जन्मले तेव्हापासून पिंजऱ्यातच आहेत, ह्यांच्या पोटात हिवतापाचा परजीवी कधी गेलाच नाही. नर बिचारे साखरपाण्यावर जगतात. माद्यांना मात्र रक्त मिळाल्याशिवाय अंडी घालता येत नाहीत. आणि अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही.

"मग नसू दे की पुढची पिढी," आई म्हणाली. "डासांची पिढी बुडाली म्हणून कोणी रडल्याचं ऐकलं नाही मी."

पण धाकटीचे डास साधे नव्हते, सगळी गोम तिथेच होती. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खाणीत पाणी साचून डबकं झालं होतं. तिथून तिने विद्यार्थीदशेत डास धरून आणले होते. हिवतापाच्या रोग्याचं रक्त प्यायल्यावर ह्या जातीच्या कोणत्याही डासाच्या पोटात परजीवी रुजतात, पोटाच्या भिंतीवर त्यांचे बारीक फोड येतात आणि मग तो डास ताप वाटत फिरतो. खाणीतल्या डासांच्या पोटात ते रुजतच नव्हते. पोट कापून पाहावं तर भिंत स्वच्छ. तिने त्यांची पिलावळ वाढवली, पिलावळीची पिलावळ वाढवली, आणि दर वेळी पोट स्वच्छच निघालं. हा गुण त्यांच्या वंशातच आहे, आईकडून लेकीला मिळतोय, असं तिने लिहिलं. नेमका कुठून येतो हे शोधायचं तर माणसं लागणार, यंत्रं लागणार, म्हणजे पैसा लागणार. घोडं अडलं ते इथे.

काही जातींच्या डासांची अंडी कागदावर वाळवून महिनोन्महिने ठेवता येतात. हिवतापाच्या डासांची तशी ठेवता येत नाहीत. त्यांचा वंश चालू ठेवायचा तर तो जिवंतच चालू ठेवावा लागतो. अंडी, अळ्या, कोष, डास, पुन्हा अंडी. मध्ये एक पिढी चुकली की सगळं संपलं.

ती ज्यांच्या हाताखाली काम करायची त्या सरांचा मूळ प्रकल्प संपला तेव्हा हाताखालची दोन्ही मुलं गेली. रक्तपेढीशी केलेला करार प्रकल्पाच्या नावाने होता, तोही गेला. मुदत संपलेल्या रक्ताच्या पिशव्या येत, त्या बंद झाल्या. शेजारची उबदार खोली संस्थेने परत घेतली, तेव्हा दोन पिंजऱ्यांचा एक पिंजरा झाला. सर म्हणाले, "नव्या प्रस्तावाचा निकाल लागेपर्यंत कसंतरी रेटायचं." कसंतरी म्हणजे कसं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने हात साबण न लावता नुसत्या पाण्याने धुतला, पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून आत सरकवला आणि डोळे मिटले. आधी काही झालं नाही. मग एक मादी बसली, मग दुसरी, मग मोजता येईनात. डोळे उघडले तेव्हा त्यांची पोटं माणकांसारखी लाल फुगलेली होती. तिला किळस आली नाही. अंगावर पिणाऱ्या जिवाची किळस येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

त्यानंतर तिचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ करून, देवापुढे क्षणभर उभं राहून ती प्रयोगशाळेत जायची. अळ्यांच्या तसराळ्यांतलं पाणी बदलायचं, माशांचं खाद्य कुटून त्याची चिमूट सोडायची, कोष वेगळे काढायचे, पिंजऱ्यावरचा ओला पंचा पुन्हा भिजवायचा. रक्त पाजायचा दिवस असेल तेव्हा हात. सुटी नाही, आजारपण नाही, कोणाचं लग्न नाही की बारसं नाही. मावसबहिणीच्या लग्नाला ती गेली ती अक्षता पडेपर्यंतच थांबली. मावशी म्हणाली, "एवढी घाई? घरी तान्हं ठेवून आलीस का काय?" त्यावर सगळे हसले. धाकटीही हसली.

प्रस्ताव मात्र हलत नव्हता. तरुण शास्त्रज्ञांसाठीची ती योजना होती. पहिल्या बैठकीला पुरेसे सभासद आले नाहीत. दुसऱ्या वेळी आधीच्या अध्यक्षांची मुदत संपली होती आणि नवे नेमायचे होते. तिसऱ्या वेळी प्रस्ताव आवडला, पण निधीच आला नव्हता. सर म्हणायचे, "आपला आंबा पिकलाय गं, पण पाडायची शिडी दुसऱ्याच्या घरी आहे."

"सर, शिडी येईपर्यंत मी म्हातारी होईन."

"होशीलच. सरकारदरबारी तू येत्या वाढदिवसापर्यंतच तरुण आहेस. नियम आहे तसा."

हे घरी सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. "म्हणजे कुठेतरी तुला अजून तरुण धरतात तर! पाहुणे बघायला येतात ते तर निम्म्यातून उठून जातात."

शेवटी बोलावणं आलं. त्यासोबत एक मागणीही होती. आधीच्या परीक्षा जुन्या झाल्या, तेव्हा सध्याच्या पिढीची एक परीक्षा करून तिचा निकाल घेऊन या. मागणी गैर नव्हती. धाकटीने सगळा हिशेब लावला. आता हातावर पाजलेल्या माद्यांच्या लेकी परीक्षेला जातील. ती बैठक म्हणजे ह्या योजनेतली तिची शेवटची संधी होती, आणि तिच्याकडे दाखवायला एकच पिंजरा होता.

नेमकी त्याच आठवड्यात तिची दाढ ठणकू लागली.

आधी तिने लवंग धरली. मग गाल सुजला, एक डोळा बारीक झाला, तोंड उघडेना. "आता डॉक्टरकडे गेली नाहीस तर मी तुझ्या त्या पिंजऱ्यावर धुराचं औषध फवारून येईन," असं आईने निक्षून सांगितलं, तेव्हा ती गेली. दातांच्या डॉक्टरने दाढेखालचा पू काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. सगळ्या संपवायच्या."

तिने सगळ्या संपवल्या. आई समोर पाण्याचा पेला घेऊन उभीच राहायची. सूज उतरली. त्या दिवसांतही तिने पिंजऱ्याचा नेम चुकवला नाही. गाल धरून, दुसरा हात आत घालून ती बसून राहायची. माद्या भरपेट प्यायल्या, वेळेवर अंडी घातली, अळ्या तरतरीत निघाल्या. उलट ह्या वेळी अळ्या कमी मेल्या. तिला वाटलं, देवाने जरा हात दिला.

परीक्षा व्हायची ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या संस्थेत. तिथे हिवतापाचा परजीवी काचेच्या बाटलीत वाढवत आणि कडीकुलुपात ठेवत. तिथल्या खोलीची जबाबदारी धाकटीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे होती. धाकटी कागदी डब्यांत माद्या भरून, तोंडाला जाळी बांधून, वर ओला कापूस ठेवून घेऊन गेली. वाटेत बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "डब्यात काय आहे हो? सारखं वाकून बघताय."

"मुली आहेत," धाकटी बोलून गेली.

बाईने जागा बदलली.

माद्यांना परजीवी असलेलं रक्त पाजून मैत्रिणीने त्यांना आत ठेवून घेतलं. परजीवी रुजायचे असतील तर आठवड्याभरात रुजतात. तो आठवडा धाकटीचा जीव टांगणीला लागला होता असं मात्र नाही. खरं सांगायचं तर ती निर्धास्त होती. इतक्या पिढ्या स्वच्छ निघाल्या होत्या, ही काय वेगळी निघणार? तिने बैठकीसाठी चित्रं तयार केली, निकालाची जागा तेवढी कोरी ठेवली.

ठरलेल्या दिवशी दुपारी दोघी सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या. मैत्रीण सुयांनी पोट सोडवायची, रंगाचा थेंब टाकायची आणि काच सरकवायची. पहिली काच लावून तिने डोळा टेकवला आणि टेकवलेलाच ठेवला.

"काय गं?" धाकटीने विचारलं.

"तू बघ."

धाकटीने पाहिलं. पोटाच्या भिंतीवर गोल गोल फोड होते. टपोरे, रंग प्यायलेले.

"हा तुमच्या नेहमीच्या डासांचा डबा असेल. अदलाबदल झाली."

"चिठ्ठी तुझ्याच अक्षरात आहे, बघ."

"दुसरी लाव."

दुसरीत फोड होते. तिसरीत होते. मग दोघी नुसत्या काचा बदलत राहिल्या. डबा संपत आला तेव्हा मैत्रिणीने सुया खाली ठेवल्या. "किती कापायच्या अजून? सगळ्यांना आहेत गं."

"काहीतरी चुकलंय."

"मग ते शोधू. मागच्या परीक्षेपासून काय बदललं? पाणी?"

"तेच. उकळून गार केलेलं."

"खाद्य?"

"तेच."

"रक्त?"

"माझंच. आधीच्या पिढ्याही माझ्यावरच वाढल्या. त्यांतल्या दोन तूच तपासल्यास, स्वच्छ होत्या."

"मग तुझ्यात काय बदललं? आजारी होतीस?"

धाकटी "नाही" म्हणणार होती. तिची जीभ त्या दाढेपाशी गेली आणि तिथेच थांबली.

"दाढ," ती म्हणाली.

"काय?"

"मी गोळ्या घेत होते. अँटिबायोटिक. आणि त्यांना पाजत होते."

मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. दोघींनाही एकदमच समजलं. समजायला फार हुशारी लागत नव्हती, लागत होती ती आधी. हा गुण डासांच्या वंशात नव्हताच. त्यांच्या पोटात कुठलातरी जिवाणू घर करून होता आणि तो परजीवीला रुजू देत नव्हता. आई पाण्यावर अंडी घालताना तो पाण्यात उतरायचा, अळ्या ते पाणी प्यायच्या, आणि असा तो पिढ्यानपिढ्या लेकींच्या पोटी जायचा. म्हणून तो गुण वंशागत वाटायचा. दातांच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या धाकटीच्या रक्तातून पिंजऱ्यातल्या एकूण एक मादीच्या पोटात गेल्या आणि त्यांनी तो पाहुणा मारून टाकला. अळ्या कमी मेल्या त्याही कदाचित त्यामुळेच. ज्या हाताने वंश जगवला, त्याच हाताने त्यातली ठेव पुसून टाकली होती.

"अल्कोहोलमध्ये जुन्या पिढ्यांचे डास असतील ना?" मैत्रिणीने विचारलं.

"आहेत. त्यांवरून त्या जिवाणूचं नाव कळेल. पण तो मिळणार नाही, मेलाय तो. आणि नाव काढायलाही पैसेच लागतात."

"मग परत खाणीवर जा. नवे धरून आण."

परतताना ती वाट वाकडी करून खाणीवर गेली. तिथे खाण नव्हती. शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणून ती काठोकाठ भरली होती, वर रोलर फिरवला होता. सपाट जमिनीवर ओळीने ट्रक उभे होते. एक चालक चाकाच्या सावलीत बसून दाढी करत होता.

"काय बघताय ताई?"

"इथे पाणी असायचं."

"पाणी हवंय? तिकडे नळ आहे." त्याने वस्तऱ्यानेच दिशा दाखवली.

ती नळापर्यंत गेली. नळाखाली चिखल होता, त्यात डास नव्हते.

सरांना तिने सगळं सांगितलं. सर उठून खिडकीपाशी गेले. वळले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"मैत्रिणीला."

"ती बोलणार नाही. ऐक. आधीच्या सगळ्या परीक्षा खऱ्या आहेत. प्रस्तावात एक अक्षर खोटं नाही. परवा इतकंच सांग, की ताज्या परीक्षेत अडचण आली, पुन्हा करतोय. तेही खोटं नाही."

"सर, आपण तीन वर्षांचे पैसे मागतोय. डासांच्या वंशात तो गुण कुठे आहे ते शोधायला. तो तिथे नाहीच."

"पैसे आले की बघू. त्यातून जिवाणू शोधू. अख्खं जग असंच करतं गं. एका कामाचा पैसा दुसऱ्याला लावतं."

"आणि मदतीला मुलगा किंवा मुलगी घेऊ ना आपण? प्रस्तावात लिहिलंय. त्याला तीन वर्षं पिंजऱ्यापुढे बसवायचं. मी काय सांगू त्याला, काय शोध म्हणून?"

सर बसले. "तू मला बोलू नकोस असं. मी तुझ्यासाठीच म्हणतोय. तुझा वाढदिवस आला की ही दारं बंद. दुसरी योजना नाही. माझी निवृत्ती तोंडावर आहे, मी तुला कुठून देणार? मलाच देणारा कोणी उरला नाही."

हे बोलताना ते तिच्या हाताकडे पाहत होते. "आणि हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस," ते म्हणाले. "माहीत होतं. अडवायला हवं होतं."

ती "येते सर" म्हणाली आणि तसराळ्यांतलं पाणी बदलायला गेली. पाणी बदलायचं काही कारण उरलं नव्हतं, पण अळ्यांना ते कुठे माहीत होतं?

बैठकीच्या सकाळी देवापुढे उभी राहिली तेव्हा तिने काही मागितलं नाही. काय मागावं तेच ठरेना. आईने विचारलं, "मागितलंस ना नीट?" तिने मान हलवली.

अध्यक्ष म्हणून नव्या आल्या होत्या त्या एक वयस्क बाई होत्या. हळू बोलणाऱ्या, पण समोरचा बोलताना कागदात न बघणाऱ्या. बाकीचे सभासद टेबलाभोवती होते. एकजण झोपाळला होता. धाकटीने चित्रं दाखवली, खाण दाखवली, स्वच्छ पोटं दाखवली. तिला जाणवत होतं, खोली तिच्या बाजूने झुकतेय. झोपाळलेले गृहस्थही ताठ बसले.

"प्रकल्प संपून इतके दिवस झाले," एकाने विचारलं, "वंश टिकवलात कसा?"

"हातावर."

कोणीतरी हसलं आणि मग थांबलं. तिने बाही सरकवली नाही, पण अध्यक्षबाईंचं लक्ष तिकडे गेलंच.

"परवानगी घेतली होती का त्याला?"

"नाही."

"ते नंतर बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रस्ताव तीनदा लांबला, त्यात तुमचा दोष नाही. मला वाटतं, इथे बहुतेकांचं मत झालेलं आहे. नोंदीपुरतं सांगा, ताज्या परीक्षेचा निकाल काय?"

घास हातातोंडाशी आला होता. सरांनी दिलेलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, छोटंसं, गुळगुळीत. अडचण आली, पुन्हा करतोय. तिने तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर आलंच नाही.

"लागण झाली," ती म्हणाली. "सगळ्यांना."

मग तिने दाढ सांगितली, गोळ्या सांगितल्या, जिवाणू सांगितला. तो आता पिंजऱ्यात नाही हे सांगितलं. खाण बुजवली हेही सांगितलं. बोलताना तिचा आवाज हलला नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं. दुसऱ्या कोणाचीतरी हकिगत सांगावी तशी ती सांगत होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आज सकाळपासून जे ऐकलं, त्यात हेच काय ते ऐकण्यासारखं होतं."

धाकटीला क्षणभर वाटलं, की होईल. वेड्यासारखं वाटलं.

"पण," त्या पुढे म्हणाल्या, आणि त्यांचं 'पण' फार सावकाश आलं, "आमच्यापुढे प्रस्ताव आहे तो डासांच्या वंशाचा. तुम्हीच सांगताय तो चुकीचा आहे. चुकीचा म्हणून कळलेल्याला आम्ही पैसे देऊ शकत नाही. जिवाणूचा प्रस्ताव नवा होईल. तो पुढच्या फेरीत भरा."

"पुढच्या फेरीला मी ह्या योजनेत बसत नाही. वय."

त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याने कागद उलटले आणि मान हलवली. अध्यक्षबाईंना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यांच्या वाईट वाटण्याला कोणत्याही नियमात रकाना नव्हता.

"तुम्ही खरं सांगितलंत, त्याची नोंद मी करवून घेते," त्या म्हणाल्या.

"नको," धाकटी म्हणाली. "नोंदीचं राहू द्या."

बाहेर पुढचा उमेदवार बसला होता. कोऱ्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून ताठ. "कसे आहेत हो आतले?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. खरंच तसं होतं.

घरी आई दारातच उभी होती. तोंड पाहून तिने विचारायचं सोडलं आणि ताट वाढलं. धाकटी जेवली. मग आई म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर मिळालं असतं?"

"मिळालं असतं."

आईने ताट उचललं. तिने शिकवलं होतं तेच मुलीने केलं होतं. पण असं, इतकं, हे तिच्या मनात नसावं. "मी गोळ्या संपव, संपव म्हणून मागे लागले," ती शेवटी म्हणाली.

"तुझं काय चुकलं त्यात? डास माझे होते. मला सुचायला हवं होतं."

"उद्या जाणार आहेस तिकडे?"

"जावं लागेल. संस्थेने खोली मागितलीय. पिंजरा रिकामा करायचा."

"मी येते," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आली. चपला दाराबाहेर काढायला लागली तेव्हा धाकटीने अडवलं. उबदार, दमट खोलीत शिरल्यावर तिने पदराने गळा पुसला आणि पिंजऱ्याजवळ गेली. पांढऱ्या जाळीवर डास स्वस्थ बसले होते, पाय तिरके टेकून.

"ह्यांतले ते चांगले कुठले?"

"ते गेले, आई. हे साधेच आहेत आता."

"दिसायला?"

"दिसायला काही फरक नाही."

आईने जाळीवर बोट टेकवलं. लगेच पलीकडून एक मादी उडून बोटाच्या दिशेने आली. भुकेची वेळ झाली होती. "अगं, हिला कळतं की!" आई म्हणाली आणि बोट मागे घेतलं नाही. "सोडून देता येत नाहीत का बाहेर?"

"हे ताप पसरवू शकतात आता. सोडता येणार नाहीत."

"मग कसं करतात?"

"थंडीत ठेवायचं. हळूहळू गळून पडतात. त्रास होत नाही म्हणतात."

"म्हणतात," आई म्हणाली.

दोघींनी मिळून पिंजरा उचलला. जड नव्हता, पण आईने तो दोन्ही हातांनी तळातून धरला, जसं काही आत कोणी निजलंय. कोपऱ्यातल्या शीतपेटीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ वर आली. पिंजरा आत बसत नव्हता. तिरका केला तेव्हा बसला. झाकण लागलं. दोघी समोरच्या दोन स्टुलांवर बसल्या. आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, धाकटीने ते काय म्हणून विचारलं नाही.

मध्येच दार उघडून एक तरुण डोकावला, हातात मोजायची टेप. "माफ करा, खोली रिकामी झाली असं सांगितलं होतं. आमचं नवं यंत्र इथे बसतं का बघायचं होतं."

"मोजा की," धाकटी म्हणाली.

तो भिंतीभिंतीने मोजत फिरला. आईला ओलांडून जायची वेळ आली तेव्हा तिने पाय वर घेतले. "कसलं यंत्र रे बाळा?"

"जिवाणू ओळखायचं, मावशी. वर्षभर अडकलं होतं मंजुरीत. आता आलं एकदाचं."

आईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. त्या यंत्राला काय दाखवायचं, ह्याचं उत्तर अल्कोहोलच्या बाटलीत मेलेलं पडलं होतं, आणि ती ह्या महिन्याअखेर इथली कोणी राहणार नव्हती. टेपवाला आकडे पुटपुटत निघून गेला.

बऱ्याच वेळाने धाकटीने शीतपेटीचं झाकण उघडलं. पिंजऱ्याच्या तळाशी सगळे पसरले होते, एकावर एक, पाय आखडलेले. तिने पिंजरा उलटा करून ते जाड पिशवीत ओतले. काहीच वजन नव्हतं त्यांना. ते पडल्याचा आवाजही झाला नाही. जाळीला चिकटून राहिलेले तिने कुंचल्याने उतरवले. आईने पिशवीचं तोंड धरलं, तिने वर दोरी आवळली. गाठ नीट बसली नाही, म्हणून ती सोडून तिने पुन्हा मारली.